यादीतला पहिला नंबर

आमच्या भागातल्या एका आमदारांच्या जीपवर मी अकरा वर्षं ड्रायव्हर व्हतो. साहेबांचं नाव सांगत न्हाई. ते आता न्हाईत, आन् यात त्यांचा काही दोषबी न्हाई. लोकांना वाटतं आमदार म्हंजी भाषण. भाषण साहेबांचंच असायचं, पण विधानसभेत जे प्रश्न जायचे ते लिहायचे येशुदास मास्तर. मिशनच्या शाळेतून रिटायर झाले आन् शिरूरच्या आमच्या संपर्क कार्यालयात खिडकीजवळच्या टेबलाला येऊन बसले. सात वर्षं तिथनं हलले न्हाईत.

असल्या प्रश्नाची एक ठरलेली पद्धत असती. अमुक वस्तीवर पिण्याचे पाणी नाही, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मास्तरांच्या जिभेवर हे इतकं बसलं व्हतं की चहावाल्यालाबी तसंच धरायचे. चहात साखर नाही हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही करणार? आमी हसून लोळायचो. पण चेष्टा बाजूला ठेवा. त्या माणसाच्या लिहिण्यानं रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरींसाठी एसटी सुरू झाली, निराधार म्हाताऱ्यांचे अडकलेले पगार सुटले, दोन गावांच्या दवाखान्यांत डॉक्टर यायला लागले. आन् ऐकीव गोष्ट मास्तर कधी लिहायचे न्हाईत. माझ्यासंगं जीपमधनं जायचे, दारात उभं राहून डोळ्यांनी बघायचे, मगच कागदाला पेन लावायचे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. घोड नदीच्या काठाला बेचाळीस मातीच्या घरांची एक वस्ती व्हती. नदी फुगली की सगळी माणसं कोंबड्या-बकऱ्यांसकट शाळेत. साहेबांनी ठरवलं, नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न टाकायचा, वरच्या गायरानात सगळ्यांना घरकुलं मागायची, आन् प्रश्नाला कुटुंबांची यादी जोडायची. मास्तर तीन दिवस वस्तीत फिरले. सुरुवात नदीकडच्या टोकापासनं केली. टोकाचं पहिलं घर मास्तरांच्या सख्ख्या बहिणीचं, कृपाबाईचं. नवरा वारलेला, मूलबाळ न्हाई, शेजारच्या साळूबाईसंगं खुरपायला जाऊन पोट भरायची. तर असा यादीत पहिला नंबर कृपाबाईचा लागला.

आता जे सांगतो ते मी बायकोलाबी सांगितलेलं न्हाई.

कार्यालयात चार माणसं चहा घेत बसली व्हती. मास्तरांनी यादी टेबलावर ठेवली. मी वाकून बघितली आन् सवयीप्रमाणं तोंड उघडलं. "वा मास्तर, घरचंच नाव आधी व्हय?" सगळे हसले. मास्तरबी हसले. माझी जीभ अशीच हाय, तिला कधी लगामच न्हवता. मनात पाप न्हवतं, देवाशपथ न्हवतं. कप ठेवून मी गाडी धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना नागपूरची गाडी गाठून द्यायला आमी दौंडला गेलो. मास्तर फाइल घेऊन संगं आले व्हते. स्टेशनात बाकड्यावर बसून ते शेवटचं वाचत व्हते आन् मी त्यांच्या खांद्यावरनं बघत व्हतो. यादी नवी लिहिलेली. पहिला नंबर साळूबाईचा. एकूण कुटुंबं एकेचाळीस.

म्हणलो, मास्तर, कृपाआक्काचं नाव राहिलं. ते म्हणले, राहिलं न्हाई, काढलं. लोकांचं तोंड कोण धरणार? मास्तरनं आधी आपलं घर भरलं असं झालं तर साहेबांच्या प्रश्नाची किंमत जाईल. पुढच्या यादीत घेऊ तिला.

"आत्ताबी लिहिता येईल की," मी म्हणलो.

मास्तरांनी खिशातनं पेन काढलं, टोपण उघडलं. बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मग टोपण लावून टाकलं. त्या वेळी मी एवढंच म्हणायला पाहिजे व्हतं, की मास्तर, मी चेष्टा केली, माझं काय मनावर घेता, लिहा नाव. एक वाक्य. पण आपल्या बोलण्यामुळं झालं हे कबूल कोण करणार? गाडी आली, साहेब फाइल घेऊन चढले, आन् आमी दोघं न्हावऱ्याच्या रस्त्यानं माघारी आलो.

उत्तर छापून आलं. हे खरे आहे. एकेचाळीस कुटुंबांना घरकुले मंजूर करण्यात येत आहेत. सदर वस्तीत अन्य एकही बेघर कुटुंब नाही. कार्यालयासमोर हलगी लागली, साहेबांना हार पडले, माणसं मास्तरांच्या पाया पडत व्हती. मास्तर खिडकीजवळ ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसले व्हते. चेहरा पार उतरला व्हता.

मग कृपाबाईचं नाव घालून घ्यायला सुरू झाल्या खेपा. पुण्याला घरकुलांच्या कचेरीत मी त्यांना सहा वेळा नेलं असंल. तिथला अधिकारी चांगला माणूस व्हता, खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. पण म्हणायचा, मास्तर, सभागृहात एकेचाळीस सांगून झालंय, दुसरं कुणी न्हाई असंबी सांगून झालंय. आता मी बेचाळीस लिहिले तर मंत्री खोटं बोलले असं होतं. साहेबांनी परत दोन वेळा प्रश्न टाकला. एकदा नंबर यायच्या आत अधिवेशन संपलं. दुसऱ्यांदा शेरा आला की याचं उत्तर पूर्वीच दिलेलं हाय. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. आता विचारणार कोण?

इकडं वस्ती उठली. माणसांनी आपापले पत्रे, वासे, दारं उपसून वर गायरानात नेली. महिन्याभरात नदीकाठी एकेचाळीस नुसती जोती राहिली, आन् टोकाला कृपाबाईचं घर. साळूबाई तिला चल म्हणून रडली. मास्तर स्वतः गेले, तिचे हात धरून म्हणले की तुझं नाव मीच खोडलं, आता माझ्या घरी चल. तिनं हात सोडवून घेतले.

"खोडलंस तर खोडलंस. पण तुझ्या घरात मला जागा करू नको. माझा नंबर येईल तवा मी हितनं उठीन."

त्यानंतर मास्तर गेले की ती पाणी द्यायची, बस म्हणायची न्हाई. आन् दर वेळी एकच विचारायची, माझं नाव काढायला तुला लावलं कुणी?

साहेब पडल्यावर मी कंपनीच्या बसवर लागलो. सणसवाडीची पाळी सोडून येताना आठवड्यातनं दोनदा तरी कृपाबाईकडं जायचो. भीत भीत जायचो, पण गेल्याशिवाय चैन न्हवतं. ती कोरा चहा टाकायची. कप हातात देताना विचारायची, मल्हारी, नंबर आला का रं? त्यात टोमणा न्हवता. एसटी आली का म्हणून विचारावं, तसं विचारायची. मी म्हणायचो, येतोय आक्का.

त्या उजाड वस्तीत दिवसाढवळ्याबी मला करमायचं न्हाई. कृपाबाई सकाळी आपलं अंगण झाडायची आन् मग साळूबाईचंबी झाडायची, जिथं घरच न्हवतं तिथलं. खुरपं घेऊन निघाली की त्या जोत्यापुढं उभी राहून हाक मारायची, साळू, ए साळू, निघायचं का? मग तिच्याच ध्यानात यायचं, हसायची आन् पुढं जायची. वेड लागलं म्हणावं तर बाकी सगळं शहाण्यासारखं.

एक दिवस मला चहा देऊन समोर बसली आन् म्हणली, "कुणीतरी बोललं असंल माझ्या भावाला. त्याबिगर तो खोडायचा न्हाई. ते माणूस मला एकदा बघायचंय, मल्हारी."

तसाच कप ठेवला, काम हाय म्हणून उठलो. त्या दिवसापासनं नदीकडचा रस्ता सोडला. बस लावली की वरच्या वर घरी. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत दोन महिने गेले.

भाद्रपदात म्हस्कू धनगर सकाळी मेंढरं घेऊन नदीला उतरला, त्याला ती दिसली. पान लागलं व्हतं. पायाला लुगड्याची चिंधी गच्च बांधलेली. पण आपल्या घरात न्हवती. साळूबाईच्या जोत्यावर, जिथं पूर्वी दार व्हतं त्या जागी, टेकून बसलेली. साप चावल्यावर जीव वाचवायला बाई सवयीनं शेजारणीच्या दाराला गेली व्हती.

माती देताना साळूबाई एकदाच बोलली. "माझ्या दारात आली व्हती हो. दारच न्हवतं."

मास्तर त्या दिवशी रडले न्हाईत. पण पुढं दर रविवारी चर्चमधनं निघाले की गायरानातल्या नव्या वस्तीवर जायचे आन् दारं मोजायचे. एकपासनं एकेचाळीसपर्यंत. मग पहिल्या घराच्या अलीकडं जी मोकळी जागा व्हती तिथं उभं राहायचे. साळूबाई तांब्याभर पाणी आणून द्यायची. त्या जागेत अजून कुणी मोटारसायकल लावत न्हाई, शेळीबी बांधत न्हाई. बाया म्हणतात तिथनं हाक ऐकू येती. मी आधी चिडायचो, कसली हाक, उगं काहीबाही बोलू नका. मग एकदा बस घेऊन तिथनं जाताना मलाच कानाशी आलं, नंबर आला का रं? बस बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो. बसमधल्या पोरींनी विचारलं, काका, काय झालं? मी गिअर टाकला.

दोन हजार चारला मास्तरांनी अंथरूण धरलं. त्यांच्या सूनबाईनं, शॅरननं, मला बोलावलं. म्हणली, सारखं काहीतरी बडबडतात, हे खरे आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय, आन् मधनंच तुमचं नाव घेतात. मी गेलो. दुपारची वेळ व्हती. मास्तर शुद्धीत व्हते. अंगात काही राहिलं न्हवतं, पण नजर तशीच, प्रश्न लिहितानाची.

शॅरन आत गेली तवा मी विचारलंच. सात वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरत व्हतो. म्हणलो, मास्तर, त्या दिवशी कोण बोललं ते तुमी आक्काला कधी सांगितलं का?

मास्तरांनी माझा हात चाचपून धरला.

"शेवटपर्यंत विचारत होती. नाही सांगितलं मी. सांगितलं असतं तर तिनं तुला दारात उभं केलं नसतं. मग तिच्याकडं जायला राहिलं कोण असतं, मल्हारी? तू जात होतास, म्हणून मला झोप लागायची."

मी आक्काकडं न गेलेले ते दोन महिने माझ्या जिभेवर आले व्हते. कुठंबी चालणारी ती जीभ तिथं मात्र चालंना. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत व्हते, उत्तराची वाट बघत.

"व्हय मास्तर," मी म्हणलो, "जात व्हतो."