पंचवीस हजार ओहमचे साडूभाऊ

तळेगावपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत माणसाला आधी ओहममध्ये मोजून मगच नमस्कार करणारा एकच गृहस्थ आहे, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. यात दोष माझ्या सासऱ्यांचा. थोरल्या मुलीला 'मोजका, शांत' मुलगा हवा असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मोजका मिळाला. इतका मोजका, की बोहल्यावर अंतरपाट धरलेला असतानाच त्यांनी कार्यालयाच्या प्लगचं अर्थिंग तपासलं. मी त्या लग्नाला नव्हतो, पण अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगू शकतो.

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, साडूभाऊ मल्टिमीटर लावतात. लोणावळ्याला आमच्याकडे जेवायला आले, की आधी घरातले सगळे प्लग तपासायचे, मग हात धुवायचे. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "भाऊजी, आमटीत मीठ बरोबर आहे ना?" गृहस्थांनी वाटीत मीटरच्या दोन्ही तारा बुडवल्या, काट्याकडे पाहिल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "किंचित कमी आहे." सौभाग्यवतींनी चाखून पाहिलं तर खरोखरच कमी! त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या जिभेला किंमत उरली नाही.

आम्ही दोघंही तळेगावच्या एका छोट्या कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, ते शेवटच्या तपासणीला. कारखाना एक पेटी बनवायचा. पेटीतून निघालेली एकच केबल कॅमेऱ्याला वीजही पोचवायची आणि त्याचं चित्रही परत आणायची. पण ही पेटी दिसेल त्याला वीज देत सुटत नाही. आधी अगदी हलका दाब लावून चाचपून बघते, की पलीकडे कोण आहे. खऱ्या कॅमेऱ्यात पंचवीस हजार ओहमची खूण ठेवलेली असते. एकोणीस हजारांपासून साडेसव्वीस हजारांपर्यंत आकडा दिसला, की पेटी म्हणते, 'आपलाच आहे, सोडा वीज.' नाहीतर तोंड फिरवून बसते. "स्थळं बघतात तसंच आहे," साडूभाऊ सांगायचे, "फक्त पेटी खोटं बोलत नाही." त्यांच्या सहीशिवाय एकही पेटी दाराबाहेर पडत नसे, आणि त्या सहीचा त्यांना इतका अभिमान, की घरी दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा ते तीच सही तितक्याच गांभीर्याने करत.

तर एका पावसाळ्यात लोणावळ्याच्या वर, कड्यालगतच्या कुरवंड्याच्या बंगल्यांतून तक्रारी सुरू झाल्या. चाळीस पेट्या कॅमेऱ्यांना ओळखेनात. पेट्या परत आणाव्यात, तळेगावात लावाव्यात, तर सगळं ठणठणीत! पुन्हा कुरवंड्याला न्याव्यात, की पुन्हा तोंड फिरवलेलं. साडूभाऊंनी केबल बदलली, कॅमेरा बदलला, पोर्टवरचा, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवरचा, संरक्षक डायोड काढून बघितला, कपॅसिटर बदलून बघितला. शेवटी स्वतः वर जाऊन बसले. कुरवंड्याचं धुकं तुम्हाला ठाऊक असेलच. त्या दिवशी ते इतकं दाट होतं, की साडूभाऊंनी टेबलावर ठेवलेला मीटर त्यांना हाताने चाचपून शोधावा लागला.

इकडे मालकांना दम नव्हता. पोर्टचे सोल्डरिंगचे टाके हाताने मारायच्या आमच्या पारूमावशी. वडिवळ्याहून रोज यायच्या, बारा वर्षं झाली होती. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मावशी, तुमचे टाके कच्चे पडतायत. उद्यापासून येऊ नका."

"मालक, डोळं गेलं म्हना, वय झालं म्हना, पर माज्या हाताला नाव ठिवू नका," मावशी म्हणाल्या. "माजा टाका सुटत न्हाई." एवढं बोलून त्या डबा पिशवीत भरू लागल्या.

तेवढ्यात साडूभाऊ कुरवंड्याहून परतले. एक पेटी उघडून तडक कॅन्टीनमध्ये गेले आणि चहाच्या पातेल्याच्या वाफेवर बोर्ड धरला. लावून बघितला, तर पोर्ट कॅमेऱ्याला ओळखेना! मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर काढला (तो ते ऑफिसच्या बॅगेत का ठेवत, हे मी विचारलेलं नाही), बोर्ड वाळवला, की लगेच ओळख. वाफ, नाही. ड्रायर, हो. कॅन्टीनवाला म्हणाला, "साहेब, चहाला बोर्डाचा वास यायला लागला." साडूभाऊंनी ऐकलं नाही. ते भिंग लावून पोर्टच्या पायांमध्ये बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पडला.

दोन पायांच्या मध्ये पिवळट-लालसर रेघ होती. हळदकुंकू. कोरड्या हवेत ते निमूट बसायचं. ओल धरली, की त्यातून चोरवाट तयार व्हायची, आकडा एकोणीस हजारांच्या खाली घसरायचा आणि पेटी म्हणायची, हा आपला नव्हे. बिघडलेल्या चाळीसही पेट्या गेल्या खंडेनवमीला तपासणीच्या टेबलावर उघड्या होत्या. सगळा कारखाना यंत्रांची पूजा करतो, पण यंत्रावर एक टिकली लावून भागेल, असं वाटणाऱ्यांतले साडूभाऊ नव्हेत. त्यांनी प्रत्येक पेटीच्या प्रत्येक पोर्टला ओलं बोट लावलं होतं, मोजून. मग कोरड्या फडक्याने पुसून सही ठोकली होती.

ते तसेच मालकांसमोर जाऊन उभे राहिले. "टाके पक्के आहेत," म्हणाले. "हळदकुंकू आहे. मी लावलंय."

मालकांनी हळूच सुचवलं, "दमट हवा लिहा ना कारण. मावशी राहतील, तुमचंही झाकलं जाईल."

"मग पुढच्या वर्षी कुणीतरी हवेला कामावरून काढेल," साडूभाऊ म्हणाले, आणि अहवालात स्वतःचं नाव लिहिलं. मावशी राहिल्या. शेवटच्या तपासणीची सही मात्र साडूभाऊंकडून काढून घेतली. नंतरचे पंधरा दिवस ते मावशींच्या शेजारी बसून ब्रशने चाळीस पेट्यांचे बोर्ड धूत होते. "आवो भाऊ, असं न्हाई, कडंनं घासा," मावशी दटावायच्या, आणि ते निमूटपणे कडेने घासायचे.

आता ते निवृत्त झाले. हसत हसत हा किस्सा मी लग्नाकार्यांत शंभरदा सांगितलाय, पण एक तपशील नेहमी गाळतो. त्या खंडेनवमीला ताट धरून पेटीपेटीमागे त्यांच्याबरोबर मीच फिरत होतो. मावशी डबा भरत होत्या, तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. भिंगाखाली रेघ दिसली त्या क्षणी मला सगळं आठवलं, आणि मी स्टोअरच्या वहीत डोकं घातलं.

मागच्या महिन्यात धीर करून त्यांना विचारलं, "साडूभाऊ, माझं नाव का नाही घेतलंत?"

खिशातला मीटर त्यांनी काढला नाही. "तुम्ही नुसतं ताट धरलं होतं," म्हणाले.

मी मान डोलावली. ती जरा लवकरच डोलावली, असं अजून वाटतं.