मामा, हिरड्या आणि शेजारीण

माणसाची खरी ओळख चेहऱ्यावरून नव्हे, बोलण्यावरून नव्हे, तर हिरड्यांवरून पटते असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये एकच आहे, आणि ते माझे मामेसासरे आहेत. लग्नाच्या बोलणीत बाकीच्यांनी मला नोकरी विचारली, गाव विचारलं. मामांनी मला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं, उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि विचारलं, "ब्रश करताना रक्त येतं?" मी नाही म्हणालो. ते आत गेले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा चालेल." माझी पगाराची स्लिप माझ्या खिशातच राहिली.

मोरिवलीच्या एका कारखान्यात मामांनी आयुष्यभर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर बुवापाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून हिरड्यांना वाहून घेतलं. मीठ-हळदीची डबी कायम खिशात. पंगतीतून उठले की आधी चूळ, मग यजमानांशी बोलणं. चाळीतले एक गृहस्थ वारले तेव्हा जो तो त्यांच्या स्वभावाविषयी हळहळत होता. मामांनी खिशातली डबी चाचपली. मग म्हणाले, "देवमाणूस. हिरड्या मात्र कधी चोळल्या नाहीत त्यांनी." शिवमंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या बाईंना ते दर सोमवारी न चुकता विचारत, "मशेरी सुटली का?" आणि त्या बाई दर सोमवारी न चुकता म्हणत, "पुढच्या सोमवारी, काका."

मांजरं त्यांना आवडत नाहीत, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या दारात एक पिवळट भटकी मांजर रोज दोन वेळा जेवायला येई. तिला नाव ठेवलं की ती आपली होते, म्हणून ते तिला नुसतं 'शेजारीण' म्हणत. तर एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, सुट्टी काढा. केस गंभीर आहे."

"मामींना काय झालं?"

"तिला काय होतंय? शेजारणीच्या हिरड्या गेल्या."

मी बदलापूरहून पोचलो तेव्हा मामा भाताची ताटली घेऊन पायरीवर बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. मिठाच्या पाण्याचा बोळा लावायचा प्रयत्न आदल्या दिवशी झालेला होता. शेजारीण समोर होती. बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली, हनुवटीवरून लाळ गळत होती. ती भूक लागल्यासारखी ताटलीकडे धावली, एक घास तोंडात घेतला, किंचाळली आणि पंजाने स्वतःचंच तोंड ओरबाडत मागे सरकली. थोड्या वेळाने पुन्हा धावली. पुन्हा किंचाळली. "चार दिवस असंच चाललंय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मामींनी बाजाराच्या झाकणाच्या टोपलीत तिला टॉवेलसकट कोंबलं आणि आम्ही रिक्षाने उल्हासनगरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला.

"मालकाचं नाव?"

"हिला मालक नाही."

"मग आणलं कोणी, अंकल?"

"मी आणलं."

"मग तुम्हीच मालक ना."

"नाही हो. आम्ही शेजारी."

शेवटी तिने वैतागून तसंच लिहिलं. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मांजरीचं तोंड हळूच उघडलं, आणि मामांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. इतक्या लालभडक हिरड्या त्यांनीही पाहिल्या नसाव्यात, कारण ते चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"काका, औषधाने थोडे दिवस बरं वाटेल, मग पुन्हा हेच," डॉक्टर म्हणाल्या. "हिचे दात काढावे लागतील. जवळजवळ सगळे."

"मीठ-हळदीने..."

"मांजरीला चूळ भरता येत नाही, काका."

मामांना हा मुद्दा पटला. तरी त्यांनी विचारलं, "पण दात काढल्यावर ती खाणार काय?"

"आता दात आहेत, तर काय खातेय?"

मामांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी सही केली.

ऑपरेशन होईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. चहा आणि खारी आली. मामांनी खारी चहात बुडवली आणि तिचा पार लगदा होईपर्यंत तिथेच ठेवली. मग चमच्याने खाल्ली. इतक्या वर्षांत हे माझ्या नजरेत कसं आलं नाही, कोण जाणे.

"मामा, तुमचे दात दुखतात?"

"खालचे चार हलतात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "वर्ष होऊन गेलं."

"आणि दाखवलं नाहीत?"

"भीती वाटते हो." अख्ख्या बुवापाड्याच्या तोंडात डोकावून पाहिलेला माणूस हे सांगत होता. मी हसलो नाही.

शेजारीण बाहेर आली ती बेशुद्ध, जीभ एका बाजूला लोंबणारी. मामांनी स्वतःच्या रुमालाने तिची लाळ टिपली. "दात काढायचे का, हे हिला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "मला तुमची मामी रोज विचारते. म्हणून मला नाही म्हणता येतं."

पुढचे दहा दिवस शेजारीण मामांच्या मोरीत राहिली आणि मामा-मामी पलीकडच्या घरात आंघोळीला जात राहिले. चौथ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. तिला उकडून कुस्करलेला बांगडा दिला होता. "खाल्लं," एवढंच म्हणाले. मग, "ओरडली नाही."

त्याच आठवड्यात ते आपण होऊन बदलापूरला आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "चला, तुमचा तो दातांचा डॉक्टर कुठे बसतो?" खुर्चीत बसल्यावर भुलीचं इंजेक्शन लागू पडेपर्यंत त्यांनी डॉक्टरांना हिरड्यांविषयी बरीच माहिती दिली. चार दात गेले, बाकीचे वाचले. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

आता शेजारीण चांगली गुबगुबीत झाली आहे. जेवायला येते, पण मामा दारात असेपर्यंत पायरी चढत नाही. टोपलीत कोंबलं मामींनी, पण तिने हिशेब मामांच्या नावावर लावला आहे. पूर्वी ती त्यांच्या पायांना अंग घासायची, ते बंद झालं. मी एकदा म्हणालो, "येईल हो पुन्हा जवळ."

"नाही आली तरी चालेल," मामा म्हणाले. त्यांनी ताटली पायरीवर ठेवली, आत आले, दार लोटलं आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. बाहेर पावलांचा आवाज नव्हताच. थोड्या वेळाने ताटली फरशीवर किंचित सरकली, आणि मग चाटण्याचा आवाज येऊ लागला. मामांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली, आणि ताटली रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.