बेडशाचं अकाउंट

“ब्लॉक कर ते अकाउंट,” सर फोनवर म्हणाले. “बिल खाली येईल. रिपोर्ट पाठव. विषय संपला.”

“सर, आधी कोण आहे ते तरी बघू दे.”

“संघमित्रा, आपण पोलीस नाही. आपण कॉस्टवाले आहोत.”

मी लोणावळ्याच्या तुंगार्लीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर, क्लायंटच्या ऑफिसात बसले होते. कॉस्टवाले म्हणजे काय, ते आधी सांगते. आजकाल कंपन्या मोठे कॉम्प्युटर विकत घेत नाहीत. कुठेतरी लांब असलेले भाड्याने वापरतात. त्याला क्लाउड म्हणतात. जितका वापर, तितकं बिल. लोणावळ्यात बंगले भाड्याने देणाऱ्यांना यातला धोका लगेच कळतो. पाहुणे निघून जातात आणि गीझर चालूच राहतो. असे गीझर शोधून बंद करणं हे माझं काम. त्यासाठी टूल्स असतात, म्हणजे खर्च कुठे होतोय ते दाखवणारी सॉफ्टवेअर.

माझं घर कान्ह्याला. “तुला जवळ पडेल,” म्हणून सरांनी हे काम मला दिलं. क्लायंट म्हणजे नीलिमाताईंची छोटी संस्था. नीलिमाताई स्पीच थेरपिस्ट. ऐकू कमी येणाऱ्या मुलांना त्या बोलायला शिकवतात. कानाला मशीन लागलं म्हणून मूल लगेच बोलत नाही. रोज सराव लागतो. मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून दर आठवड्याला लोणावळ्याला येणं कोणाला जमणार? म्हणून त्यांनी एक अ‍ॅप केलं होतं. फोन म्हणतो, “मांजर.” मूल म्हणतं, “मांजल.” तो आवाज क्लाउडवर जातो, तिथला प्रोग्रॅम तपासतो, आणि फोन म्हणतो, “छान प्रयत्न! पुन्हा म्हण पाहू.” अ‍ॅपमधला आवाजही नीलिमाताईंचाच. सगळं मोफत, एका देणगीदाराच्या मदतीवर.

क्लाउडचं बिल मात्र चढतच चाललं होतं. देणगीदारांनी स्पष्ट कळवलं होतं, मार्चअखेर खर्च निम्म्यावर आणा, नाहीतर आम्ही थांबतो. शिवाय त्यांनी दर महिन्याला एक मर्यादा घालून दिली होती. ती ओलांडली की अ‍ॅप आपोआप बंद. एका घरासाठी नाही, सगळ्या मुलांसाठी.

सुरुवातीचं काम नेहमीचं होतं. आधी टॅग लावायचे. टॅग म्हणजे चिठ्ठी. हा सर्व्हर कशासाठी, ही जागा कोणाची, हे प्रत्येक गोष्टीवर लिहायचं. दहा बंगल्यांना एकच मीटर असेल तर कोणाची वीज किती, ते कसं कळणार? चिठ्ठ्या लावल्यावर टूलने दाखवायला सुरुवात केली. टेस्टिंगची मशीन्स सुट्टीच्या दिवशीही चालत होती, ती बंद केली. जुनी रेकॉर्डिंग्ज महागड्या जागेत पडून होती, ती स्वस्त जागेत हलवली. बिल उतरलं. पण निम्मं काही झालं नाही.

उरला तो आवाज तपासण्याचा खर्च. तो सेकंदावर लागतो. जितका वेळ आवाज पाठवाल, तितके पैसे. रोहन हा तिथला इंजिनिअर. अ‍ॅप त्यानेच लिहिलेलं. कोणत्या अकाउंटवरून किती आवाज येतो, ते दिसेल अशी सोय त्याने करून दिली.

आलेख आला. बहुतेक घरांच्या लहान लहान टेकड्या. सकाळी पाव तास, संध्याकाळी पाव तास. एक अकाउंट मात्र पठारासारखं. सकाळी चहाच्या वेळी चढायचं आणि दिवेलागणीला उतरायचं. मध्ये खंडच नाही. नाव वेद, वय सहा, गाव बेडसे.

“सहा वर्षांचं पोर दिवसभर सराव करतं होय?” रोहन म्हणाला. “आपली सर्व्हिस कोणीतरी फुकटात लाटतंय.”

मलाही तेच वाटलं. सरांना फोन केला तो तेव्हाच. नीलिमाताई मात्र ऐकेनात.

“वेद मला माहीत आहे. त्याच्या वडिलांना विचारते.”

वेदचे वडील तळेगावला नोकरी करतात. त्यांनी सांगितलं, अकाउंट आजोळच्या, बेडशाच्या पत्त्यावर काढलेलं; वेद सुट्टीत तिथे होता, तेव्हा अ‍ॅपवाला जुना फोन तिथेच राहिला. तळेगावला वेद आईच्या फोनवर सराव करतो. मग त्यांनी सासूबाईंचा नंबर दिला. साधा बटणांचा फोन. नीलिमाताईंनी स्पीकर लावला.

“कोन बोलतंय?”

“मी नीलिमा, मावशी. वेदच्या बोलायच्या अ‍ॅपवाली. तुमच्याकडे ते दिवसभर चालू असतं का?”

 पलीकडे मागून बारीक आवाज ऐकू आला, “छान प्रयत्न! पुन्हा म्हण पाहू.” स्वतःचाच आवाज ऐकून नीलिमाताई माझ्याकडे बघायला लागल्या.

“व्हय, चालू असतंय,” मावशी हळूच म्हणाल्या. “काय चुकलं का, मॅडम? पन बंद नका करू. हात जोडते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलो. भाताच्या खाचरांत हरभरा उभा होता. मावशी अंगणाच्या तोंडाशीच थांबल्या होत्या. त्यांचं नाव हिराबाई. पडवीत खाटेवर त्यांचे यजमान, बबनभाऊ. उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. समोर पाटावर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला.

“मां-ज-र,” फोन म्हणाला.

भाऊंनी तोंड फिरवलं.

“म्हना की वो एकदा,” हिराबाई म्हणाल्या. तेवढ्यात कोंबडी ओरडली. फोन म्हणाला, “छान प्रयत्न! पुन्हा म्हण पाहू.”

मला हसू आलं आणि लगेच आवरलं. भाऊंना दिवाळीनंतर लकव्याचा झटका आला होता. पाय सावरला, हात थोडा सावरला, वाचा गेली. सगळं कळत होतं. शब्दच येत नव्हता. दवाखान्यात सांगितलं, बोलायचा सराव करा. कुठे करायचा, कसा करायचा, ते कोणी सांगितलं नाही.

“नातू ह्याच्यावरच बोलाय शिकला,” हिराबाई फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या. “म्हनलं, ह्यांनी का न्हाई शिकायचं?”

“पण दिवसभर कशाला चालू ठेवता, मावशी?”

“बंद केलं की परत नंबर मागतंय. त्यो नंबर जावयाच्या फोनवर जातोय. ते कामावर. सारखं कसं इचारायचं त्येन्ला?” मग थोडं थांबून, पदर सारखा करत म्हणाल्या, “आन् खरं सांगू का, घरात कुनीतरी बोलतंय तरी. ह्यांचा आवाज लय मोठा. ह्ये आले की चार घरं आदी कळायचं. ह्ये गप झाले आन् घर लय मोकळं झालतं. हितं बसलं की आपलाच श्वास ऐकू यायचा.”

मी नीलिमाताईंकडे पाहिलं. त्या पाटाजवळ जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी फोन उचलून पालथा ठेवला आणि अ‍ॅपचा आवाज बंद केला.

“भाऊ, ही मांजरं-बिंजरं तुमच्यासाठी नाहीत. ती पोरांसाठी. तुम्ही काय काम करायचा?”

उत्तर हिराबाईंनी दिलं. भाऊंनी सगळी उमर कामशेत ते पवनानगर वडापची जीप चालवली होती. वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी. कामशेतच्या नाक्यावर उभं राहून ते गावांची नावं पुकारायचे.

नीलिमाताई समोर सरकल्या. त्यांनी मांडीवर हाताने ठेका धरला आणि पुकारायच्या चालीत म्हणाल्या, “कामशेत, कामशेत...” थांबल्या. पुन्हा, “कामशेत, मग?” भाऊ त्यांच्याकडे बघत होते. मानेची शीर फुगली. डावा हात खाटेच्या कडेवर आपोआप ठेका धरू लागला. ओठ हलले, आवाज आला नाही. नीलिमाताई थांबून राहिल्या. मदत करायची घाई त्यांनी केली नाही. मला ते बघवत नव्हतं.

“क...” भाऊ म्हणाले. “करुं... ज.”

कामशेतहून येताना वाटेवरचं गाव करुंज.

हिराबाईंनी पदर तोंडावर धरला. भाऊ स्वतःच चकित होऊन आमच्या तोंडाकडे बघत राहिले. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा ते जमलं नाही. त्यांनी डावा हात खाटेवर आपटला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नीलिमाताईंनी तो हात धरून ठेवला. जुन्या सवयीच्या गोष्टी आधी परत येतात, त्या नंतर मला म्हणाल्या. क्रमाने म्हणायचे शब्द, चालीवरचे शब्द. रोज येतीलच असं नाही, पण वाट तिथूनच सुरू होते.

परतताना गाडीत मी अवघड विषय काढला. “ताई, हे अकाउंट असंच चालू राहिलं तर महिना संपायच्या आधी मर्यादा ओलांडेल. सगळ्या मुलांचं बंद पडेल.”

“आणि बंद केलं तर?”

 त्यांना उत्तर माहीत होतं.

“आठवडा दे,” त्या म्हणाल्या.

आठवडा त्यांनी मागितला, पण काम होतं रोहनचं आणि माझं. आता कारण समजलं होतं. अ‍ॅप उघडलं की माइक उघडा राहायचा आणि बंदच व्हायचा नाही. कोंबडी, कुकर, टीव्ही, हिराबाईंची बडबड, सगळं क्लाउडवर जात होतं. प्रत्येक सेकंदाला पैसे लागत होते आणि तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं. इतर घरांतही थोडं थोडं हेच होत असणार. पठार दिसलं म्हणून नजरेत आलं, एवढंच.

रोहनने बदल केला. शब्द विचारल्यावरच माइक उघडायचा, थोड्या वेळाने मिटायचा. माणसाचा आवाज आहे की नाही, हे आधी फोनने स्वतःच ओळखायचं. नसेल तर पाठवायचंच नाही. आम्ही ऑफिसात भांडी वाजवून पाहिली. शेजारच्या बंगल्यात शनिवारच्या पाहुण्यांनी मोठ्याने गाणी लावली, ती टेस्ट आयती झाली. पहिल्यांदा प्रोग्रॅम चुकला. बारीक आवाजाच्या मुलांनाही तो गाळायला लागला. रोहनने डोक्याला हात लावला. पुन्हा केलं, मग जमलं. एकदा लॉगिन केलं की पुन्हा ओटीपीचा नंबर मागायचा नाही, हेही त्याने जाताजाता करून टाकलं.

नीलिमाताईंनी मोठ्या माणसांसाठी वेगळे धडे रेकॉर्ड केले. वार, महिने, देवाच्या आरत्या, आणि भाऊंसाठी कामशेतपासूनचे थांबे. शिवाय नुसत्या गप्पांचं एक रेकॉर्डिंग, आज पाणी आलं का, जेवलात का, असलं. ते फोनमध्येच साठवलेलं, क्लाउडचा खर्च शून्य. हिराबाईंना ते दिवसभर लावायला मोकळीक होती.

नवं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर गेलं त्या आठवड्यात मी बेडशाचा आलेख उघडून बसायचे. पठार गेलं होतं. त्याजागी सकाळी एक टेकडी, दुपारी एक, संध्याकाळी एक. प्रत्येक टेकडी म्हणजे भाऊ एक शब्द काढायला बसलेले. इतकी वर्षं मी आलेख बघते, पण कुठल्या आलेखासाठी असं थांबून राहिले नव्हते.

महिन्याचं बिल मर्यादेच्या आत बसलं. मार्चअखेर निम्म्याच्याही खाली आलं. देणगीदारांनी पुढच्या वर्षाला होकार दिला.

सरांनी रिपोर्ट वाचून फोन केला. “ते अकाउंट ब्लॉक केलंस ना?”

“नाही, सर. चालू आहे.”

“मग बिल कसं उतरलं?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “बेडशाला गेलीस त्याचा प्रवासखर्च लावला का?”

“नाही.”

“लाव.”

मे महिन्यात हिराबाईंचा फोन आला. “ह्यांना बोलायचंय,” म्हणाल्या आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी थांबून राहिले. बऱ्याच वेळाने जड, घोगरा, पण मोठा आवाज आला, “या. जे... वाय... ला या.”

त्या रविवारी नीलिमाताई, रोहन आणि मी, तिघंही जेवायला गेलो.

आता माझी एक रीत झाली आहे. टूलने कुठलं अकाउंट बंद करायला सुचवलं, की मी आधी त्या माणसाला फोन लावते. बहुतेक वेळा त्यातून काहीच निघत नाही. कोणीतरी विसरलेलं मशीन असतं, ते मी बंद करते. फोन करायला काही खर्च येत नाही.