पट्टा ताणायला दोघं लागतात

सुमन माझ्याशी शेवटचं बोलली ती फोनवर. छातीत धडधडतंय म्हणून ती पुण्याला मुलीकडे, डॉक्टरला दाखवायला गेली होती. मी घोड नदीकडेच्या रानात, ट्रॅक्टर चालू ठेवूनच बोलत होतो. मध्येच तोडून म्हणाली, "अवं, फॅनचा पट्टा चिरकतोय. मला हितं ऐकू येतंय."

"झिजलाय. नवा आणून ठिवलाय, आज बदलतो."

"एकट्यानं हात घालू नका. मी आल्यावर बदलू."

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "आबा, तुम्ही निघा…" पट्टा तसाच ठेवून मी निघालो, पोचेपर्यंत सुमन गेली होती.

सुमनचं माहेर ओतूरकडचं, आमच्यासारखंच मेंढरांमागे हिंडलेलं घर. यंत्राला ती आधी बिचकायची. पण फॅनचा पट्टा बदलायला आमच्या घरी दुसरं कोण होतं? तसं काम मोठं नाही. डायनामोचा नट सैल करायचा, जुना पट्टा पंख्याच्या पात्यांवरून काढायचा, नवा चढवायचा. अडतं ते शेवटी. पट्टा ताणला जावा म्हणून पहारीनं डायनामो बाहेर रेटून धरायचा आणि तो धरलेला असतानाच नट आवळायचा. पहार तिच्याकडे, पाना माझ्याकडे. पहिल्या वेळी तिनं एवढा जोर लावला की पट्टा तारेसारखा ताणला. मी ओरडलो, "बेरिंग खाशील की गं!" "तुमीच म्हनला ना, जोर लाव!" म्हणत ती पहार टाकून हसत सुटली. पुढं मुलगी सासरी गेली, घरातलं बोलणं कमी झालं, पण बॉनेट उघडलं की आम्ही दोघं बोलायला लागायचो…

तेरावं झालं, पाहुणे गेले. ट्रॅक्टर शेडमध्ये तसाच उभा. कांद्याचं रान तयार करायचं राहिलं होतं. शेजारचा नामदेव दोनदा येऊन गेला. "भाऊ, मी येतो हात लावायला. लई वेळ न्हाई लागायचा." मी नको म्हणालो. पट्टा बदलला की तिचं 'मी आल्यावर' संपणार होतं.

शेवटी एका सकाळी मीच बॉनेट उघडलं. जुना पट्टा भेगाळलेला, कडेचे दोरे सुटलेले. नवा चढवला. पहार बगलेत धरून पान्याकडे हात नेला, तर पोचेना. "सुमन, धर गं जरा…" तोंडातून निघून गेलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. दहाव्याला न आलेलं रडू तिथं आलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसले, डायनामो आणि इंजिनाच्या मध्ये लाकडाचा ठोकळा ठोकला आणि नट आवळला. ट्रॅक्टर चालू केला. चिरकणं थांबलं होतं. तो स्वच्छ आवाज मला ऐकवेना.

आता रानात जातो, नांगरतो, परत येतो. ती डाव्या मडगार्डवर बसायची, डबा मांडीवर घेऊन. ओढ्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं की माझा खांदा धरायची. तो उतार आला की अजूनही मी गिअर खाली घेतो, ट्रॅक्टर अगदी हळू उतरवतो… आणि डावा खांदा जरा तिच्या बाजूला झुकवतो.