ताईची सायकल नवी केली त्याची गोष्ट

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या दुकानात जुन्या सायकलींचे शौकीन जमत. कुणी घंटा आणी, कुणी कातडी सीट, आणि मग ती कोणत्या सालची यावर तासन्‌तास वाद रंगे. शेवटचा शब्द मिस्त्रीचा. कारखान्यातून निघताना जे सायकलीवर नव्हतं ते तिच्यावर राहता कामा नये, हा त्याचा बाणा. शेजारचा शिंपी एकदा म्हणाला, "तुझ्या तावडीत सापडलो तर आमच्या कवळ्या काढून तू दुधाचे दात बसवशील!"

"मिळाले तर बसवीन की," मिस्त्री म्हणाला.

त्या वर्षी त्यानं थोरल्या बहिणीची सायकल हाती घेतली. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं होतं. याच सायकलीवरून ती गिरणीत कामाला जाई. आता ती लेकीकडे राहायची आणि माणसं विसरत चालली होती. गेल्या खेपेला तिनं त्यालाच विचारलं होतं, "तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात का?" तो नुसता हसला. सायकल पाहून तरी ओळखेल, एवढ्या आशेवर तो चार महिने राबला. हँडलला ताईनं गुंडाळलेली सुतळी सोडली, सीटवरचं ठिगळ उसवलं, मूळचा हिरवा रंग चढवला. मागच्या चाकाचं फ्रीव्हीलसुद्धा त्याच बनावटीचं, पण कोरं शोधून आणलं.

भाचीनं खोलीत जागा करून दिली. ताईनं दांड्यावरून हात फिरवला.

"देखणी आहे हो. कुणाची?"

"तुझीच की, ताई."

"छे! माझी लंगडते. ही कुणा मोठ्या घरची."

"मामा, मनाला लावून घेऊ नका," भाची हळूच म्हणाली.

पण सायकल घेऊन परतताना ते लंगडणं मिस्त्रीच्या कानात शिरलं ते निघेना. फ्रीव्हीलच्या पोटात दोन खिट्ट्या असतात, कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल थांबलं की ते टिकटिक बोलतात. ताईचा एक कुत्रा झिजला होता. एक टिक ठसठशीत, दुसरी दबकी. आणि ते जुनं फ्रीव्हील मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं भंगारात घातलं होतं.

मग जन्मभर ज्यानं लोकांचे कुत्रे धड केले, त्यानं नवं फ्रीव्हील उघडलं आणि चांगला धडधाकट कुत्रा कानशीनं घासायला घेतला. जरा घासावा, चाक फिरवून कान द्यावा, पुन्हा घासावा.

शिंपी डोकावला. "अरे, वेड लागलं का? सोन्यासारखी वस्तू नासवतोस!"

"गप बैस. ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी ताईसमोर त्यानं मागचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. टिक, टक्‌. टिक, टक्‌. ताईची मान वर झाली. ती मिस्त्रीकडे बघत नव्हती. समोरचा हा म्हातारा कोण, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. ती दाराकडे बघत होती.

"धाकट्या, कडी काढ रे," ती म्हणाली. "माझे हात भरलेत."

दार तर सताड उघडं होतं. मिस्त्री उठला, दाराशी गेला, ते लोटून घेतलं, कडी घातली, आणि वाजेल अशी काढली.

"काढली, ताई," तो म्हणाला. "ये."