जिताड्याचा खवला

रियाच्या बीजगणिताच्या वहीत मला माशाचा खवला सापडला तेव्हाच मी समजले, काहीतरी शिजतंय.

रिया माझी धाकटी बहीण, दहावीला. मी नववीत शाळा सोडली. मला कोणी काढलं नाय, मीच निघाले. होमवर्क झाला नाय की वर्गाबाहेर उभं करायचे. माझा रोजच व्हायचा नाय, म्हणून अर्धी नववी मी पॅसेजमध्येच केली. एक दिवस विचार केला, बाहेरच उभं राहायचं तर लांब जाऊन उभी राहीन. आईला एवढंच बोलले, उद्यापासून मी जाणार नाय. त्यानंतर चार वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. आता पळस्प्याला एका गोडाऊनमध्ये खोकी स्कॅन करते, सकाळी सहा ते दुपारी दोन. ही पण किती दिवस टिकेल माहीत नाय.

रियाचं पण माझ्यासारखंच चाललेलं. वही उघडायची, तारीख घालायची, लाल पेनाने सरावसंचाचा नंबर लिहायचा, खाली दोन रेघा मारायच्या. संपला होमवर्क. ती विचारायची, ताई, एकाच टाईपची दहा गणितं कशाला? एक आलं तर दहा येतात, एक नाय आलं तर दहा नाय येत. ते मला पटायचं, म्हणून मी गप्प बसायचे. पण मनात एक पक्कं होतं. मी सुटले ते सुटले, हिला सुटू द्यायची नाय.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिची वही भरायला लागली. पानंच्या पानं. मी खुश व्हायला पाहिजे होतं, पण मला घाम फुटला. मी तिला ओळखते. ती सुधारणाऱ्यातली नाय. आठवीत तिने पप्पांची खोटी सही केलेली आणि पप्पांपेक्षा चांगली केलेली. पप्पा जासईला ट्रेलर चालवतात, एक दिवसाआड घरी येतात, त्यांना अजून माहीत नाय.

म्हणून ती आंघोळीला गेली तशी मी वही काढली. प्रत्येक भरलेल्या पानाच्या खाली, कोपऱ्यात, नखाएवढा एक खवला चिकटवलेला. सुकलेला, चकचकीत. वहीला वास पण येत होता.

आईला दाखवला. आईने उजेडात धरला आणि बोलली, जिताड्याचा हाय. मग माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात शेवटचा जिताडा कधी आला ते दोघींनाही आठवेना. आणि आमच्याकडे जिताड्यासारखा महागाचा मासा कोणी उगाच कोणाला देत नाय. काम अडलं की साहेबाला देतात, नायतर होणाऱ्या जावयाला वाढतात. आईने डोक्याला हात लावला. आमचा हिशोब झाला, कुठल्यातरी पैसेवाल्या पोराने रियाला पटवलंय, तोच तिला जेवू घालतो आणि तोच तिच्या वह्या लिहून देतो. आता बोलताना हसू येतं, तेव्हा आईने दोन दिवस रियाच्या ताटात मासा वाढला नाय.

मी रियाला सरळ विचारलं, दुपारी कुठे असतेस? ती बोलली, नशराकडे, अभ्यासाला. नशरा पण दहावीलाच, पण दुसऱ्या शाळेत, चांगली पोरगी. दोनच दिवसांनी ती मला रिक्षा स्टँडवर भेटली आणि तिनेच विचारलं, "दीदी, रिया आजारी आहे का? महिना झाला, घरी आलीच नाही." मी सावरून घेतलं. बोलले, हो, थोडी आजारी हाय.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्या सुटल्या मी शाळेच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. शाळेतला जादा तास संपवून रिया निघाली, मी मागे. ती उरण नाक्याकडे वळली आणि सरळ मच्छी मार्केटात शिरली. दुपारी अडीच वाजता. त्या वेळी तिथे मांजरं सोडून कोणी नसतं. ओटे धुतलेले, बायका घरी गेलेल्या. मी बर्फाच्या खोक्यांमागे उभी राहिले. पोरगा कुठून येतो ते बघायचं होतं मला.

पोरगा आलाच नाय. शेवटच्या ओट्यावर जनीमावशी बसलेली.

जनीमावशीला सगळं मार्केट ओळखतं. पन्नाशीची, उरणच्या बाजूची कोळीण, लग्न होऊन पनवेलला आली. तिचा नवरा काळूराम खाडीत जाळं टाकायचा, आता गुडघ्यांनी घरी बसलाय. ही दुपारी घरी जात नाय. हॉटेलवाल्यांची कोलंबी सोलत संध्याकाळच्या बाजारापर्यंत तिथेच बसते. तोंड असं, की गिऱ्हाईकाने मासा दाबून बघितला तर विचारते, "डॉक्टर हायस का? नाडी बघतंस?"

रिया तिच्यासमोर पाटावर बसली, वही काढली. मावशी बोलली, "पैली भवानी कर." रिया लिहायला लागली. मावशी सोलायला लागली. दोघी एकमेकींकडे बघत पण नव्हत्या. वीस मिनिटं मी बघितलं, माझे पाय दुखले, त्यांच्यातलं कोणी हललं नाय. मग पान भरलं. मावशीने मच्छीच्या पाटीच्या कडेला चिकटलेला एक ओला खवला नखाने उचलला आणि पानावर दाबला.

मी खोक्यामागून बाहेर आले आणि विचारलं, हे काय चाललंय. रिया दचकली. मावशी नाय दचकली. ती बोलली, "तू कवाची उबी हायस त्या बर्फाआड. थंडी नाय लागली?"

मग रियाने सांगितलं. नोव्हेंबरात एकदा घरी जायचा कंटाळा आला म्हणून ती इथे येऊन बसलेली. सावली असते, कोणी विचारत नाय. पण मावशी रिकामं बसू देईना. ओट्यासमोर रिकामं माणूस बसलं की गिऱ्हाईक फिरतं, असं तिचं म्हणणं. कोलंबी सोल, नायतर दप्तरात काय असंल ते कर. रियाने पहिल्या दिवशी कोलंबी सोलली. काटे बोटात घुसले, तीन दिवस हाताचा वास गेला नाय. चौथ्या दिवशी तिने वही काढली. कोलंबीपेक्षा बीजगणित बरं.

भवानीचं पण तिने सांगितलं. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मार्केटात पहिलं गिऱ्हाईक कोणी परत पाठवत नाय. त्याने भाव पाडून मागितलं तरी देतात, नुकसान झालं तरी देतात, कारण ते परत गेलं की दिवसभराचा धंदा बसतो. आणि भवानी झाल्याशिवाय ओट्यावरून उठायचं नाय. मावशीने तोच कायदा गणिताला लावला. पहिलं गणित आलं नाय तरी लिहायचं, चुकलं तरी चालेल, पण परत पाठवायचं नाय. आणि झालेली भवानी पुसायची नाय. खालची गणितं मग तुझी तू बघ, असं मावशी बोललेली.

"आणि खवला?" मी विचारलं.

"मना लिवता येत नाय," मावशी बोलली. "पान भरल्याची खूण."

"जिताड्याचाच का?"

"मोठा असतं, दिसतं. जिताडा गिऱ्हाईकाचा, खवला माजा."

हे सगळं ऐकून पण माझं समाधान झालं नाय. मी विचारलं, तुला काय मिळतं यातून? ती बोलली, एकटीला कंटाला येतं. मी बोलले, वीस वर्षं एकटीच सोलत होतीस ना. त्यावर तिने पुढची कोलंबी उचलली. फुकट कोणी कोणासाठी काय करत नाय, हे मी गोडाऊनमध्ये चांगलं शिकलेय. उद्या रियालाच कोलंबीला बसवेल, असं माझ्या डोक्यात आलं. म्हणून मी रोज जायला लागले, लक्ष ठेवायला.

तेव्हा थोडं थोडं कळलं तिचं. ती पण शाळेत गेलेली, एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा. तिची आई ओहोटीला खडकावरची कालवं काढायला जायची आणि हिला सोबत न्यायची. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, शाळा काय सरकत नाय. आठवडाभर ही वर्गात असायची, पुढचा आठवडाभर नसायची. गुरुजींना वाटायचं पोरगी थापा मारते. हे सांगताना ती रडली बिडली नाय. बोलली, "त्यांचं पन बरोबर. दर्याचा टायम त्यांना काय ठावं."

मग जानेवारीत ते झालं. गणिताच्या अनुया मॅडमनी रियाची वही घ्यायला नकार दिला. वहीचे मार्क बोर्डाच्या मार्कांत धरतात. मॅडम बोलल्या, दोन वर्षं कोरी वही देणारी मुलगी एकदम सगळे सरावसंच पूर्ण करते, हे कोणी मानणार नाही. आजकाल मोबाईलने फोटो काढला की उत्तर येतं. आणि वहीवर हा काय घाणेरडा प्रकार चिकटवलाय? उद्या सकाळी पालकांना घेऊन ये.

रिया घरी आली, दप्तर ठेवलं आणि बोलली, "ताई, वही घेतली नाय तर मी परवापासून जाणार नाय."

हे वाक्य मी ओळखते. माझंच हाय ते. एकदा तोंडातून निघालं की परत आत जात नाय.

सकाळी मी शिफ्ट बुडवली, पालक म्हणून मीच जाणार होते. रियाला पुढे पाठवलं आणि आधी मार्केटात गेले. खरं सांगते, भांडायलाच गेले. मावशीला बोलले, तुझ्या खवल्यांनी घात केलाय, आता तूच येऊन सांग. साडेसात वाजलेले, पाटीतली मच्छी तिने नुकतीच मांडलेली. बाजूची बाई बोलली, जने, भवानी नाय झाली अजून. मावशीने पाटीवर ओलं गोणपाट टाकलं, हात धुतले आणि उठली. आजूबाजूच्या बायका कोयते थांबवून बघत राहिल्या. वीस वर्षांत तिला कोणी भवानीआधी उठलेलं बघितलं नव्हतं.

स्टाफरूमला जाताना तोच पॅसेज लागला. मी भिंतीकडे बघितलं नाय.

अनुया मॅडम वाईट नायत. थकलेल्या असतात, साठ पोरांच्या वह्या. त्यांनी मावशीला विचारलं, आपण कोण? मावशी बोलली, मी कोणी नाय, ही माज्या समोर बसून लिवतं. मॅडमनी विचारलं, तुम्हाला वाचता येतं? नाय. मग हिने स्वतः केलंय हे तुम्हाला कसं कळलं?

"बघून लिवणारा हात थांबत नाय बाय. हिचा थांबतं. कवा कवा माजी अर्धी पाटी सोलून होतं, तरी थांबलेला असतं."

मॅडमना ते पटलं नाय. त्यांनी फळ्याजवळचा खडू रियाच्या हातात दिला आणि एक समीकरण सांगितलं. रिया लिहायला लागली. मला गणित येत नाय, पण मॅडमचा चेहरा वाचता येतो. तिसऱ्या ओळीला त्यांनी मान हलवली. चुकलं. वाटलं मावशीला ओढून बाहेर न्यावं.

मॅडम बोलल्या, संख्या पलीकडे नेलीस, चिन्ह कोण बदलणार? इतके सरावसंच केलेस आणि इथेच चुकतेस? दाखव वही. त्यांनी पहिल्यांदा ती नीट उघडली. आतापर्यंत नुसती वरून बघितलेली, वास येतो म्हणून. एक पान उलटलं. दुसरं. मग पुढचं. प्रत्येक पानावर पहिलं गणित चुकलेलं. तीच चूक, चिन्ह बदलायचं राहिलेलं. ना खोडलेलं, ना पुसलेलं. दुसऱ्या-तिसऱ्यात पण कधी कधी तीच. चौथ्यापासून बरोबर.

त्यांनी विचारलं, पहिलं कधीच दुरुस्त का नाही केलंस? रिया खाली मान घालून बोलली, "भवानी आहे मॅडम. पुसायची नसते."

मॅडमना काय कळलं मला माहीत नाय. पण गाईड बघून लिहिणारा रोज त्याच जागी चुकत नाय आणि मोबाईल तर चुकतच नाय, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. त्यांनी रियाला तिथेच खाली अजून दोन गणितं करायला लावली. दुसरं बरोबर आलं. मग लाल पेन काढलं आणि शेवटच्या पानावर सही केली. खवला काढला नाय, त्याच्या बाजूला केली. वही ठेवून घेतली. आणि रियाला बोलल्या, आता रोज त्या पहिल्याच्या खाली तेच परत कर, पुसू नको, पण कर. मला बोलल्या, तू समीक्षा ना. मी हो बोलले आणि निघाले.

रस्त्यात मी मावशीला परत विचारलं, भवानी सोडून का आलीस? ती बोलली, पाय उचल, मच्छी तापतं.

ओट्यावर पोचलो तर गोणपाट तसंच. तिने ते काढलं आणि बसली, कोणाला हाक मारली नाय. मी समोर उभी राहिले आणि पावशेर मांदेली मागितली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाव किलोपेक्षा जास्तच टाकली. मी पहिलं गिऱ्हाईक, तिला परत पाठवायची सोय नाय.

रिया जाते शाळेत. कुरकुरत जाते. माझा अजून मावशीवर पूर्ण विश्वास नाय, म्हणून शिफ्ट सुटली की मार्केटात जाऊन बसते, बघायला. पण ती रिकामं बसू देत नाय. मी कोलंबी सोलते.