घाणेरीचा पाहुणचार

आमच्या वरकुट्यात जनावरांतलं कळणारा एकच माणूस आहे. तो मी. (दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.)

माझी पांढरी घोडी आहे, चांदणी. काम काही नाही. ती शेजारी चालली की मला शोभा येते, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात वैरण संपली. मी ओढ्याकडेला जाऊन दिसेल ते हिरवं कापून आणलं. भाऱ्यात निम्मी घाणेरी! बायको म्हणाली, "अवं, ती घाणेरी काढा की. शेळीबी तोंड लावत न्हाय तिला."

"जनावर शाणं असतंय. नको ते बाजूला सारतंय!"

असं म्हणून मी सगळा भारा कुट्टीच्या मशीनमध्ये घातला. आता त्या बोटभर तुकड्यांत गवत कुठलं नि घाणेरी कुठली, हे घोडीनं चष्मा लावूनच निवडायचं! वर मी गूळपाणी शिंपडलं. (पाहुणचारात आम्ही कमी पडत नाही.)

तिसऱ्या दिवशी चांदणीनं खाणं सोडलं. डोळे पिवळे, नाकाची सालं निघालेली.

"डॉक्टरला बोलवा."

"डॉक्टर कशाला? गारठा बसलाय तिला. ऊन खाऊ दे."

भर मे महिन्यात गारठा! तरी मी तिला अंगणात बांधली आणि नाकाला खोबरेल चोळलं. भजं तळावं तसं नाक तळून निघालं. दिवस कलायच्या आत चांदणीनं मान टाकली, उठेचना. तेव्हा मात्र फोन मीच लावला.

डॉक्टरीणबाई आल्या. कुट्टी मुठीत घेऊन हुंगली. "आबा, ही घाणेरी कुणी घातली?"

मी आभाळाकडं बघितलं. बायको म्हणाली, "जाणकारानं."

"हिनं लिव्हर बिघडतं. मग जनावराला ऊन सोसत न्हाय. आन् उन्हात कुणी बांधली?"

"त्याच जाणकारानं."

बाईंनी सलाईन लावलं. म्हणाल्या, "गार, अंधाऱ्या जागी ठेवा. वाचंल का, आज सांगता येत न्हाय."

गार जागा घरात एकच, माझी दगडी खोली. घोडी पंख्याखाली गेली, माझी बाज अंगणात आली. आठ दिवस मी तिच्या नाकाला मलम लावलं आणि तिचे फुरफुराटे खाल्ले. नवव्या दिवशी तिनं बायकोच्या हातून लसूणघासाची पेंढी ओढली. माझ्या हातची अजून घेत नाही.

आता ती ठणठणीत आहे, फक्त खोली सोडत नाही. परवा निमगावचे पाहुणे आले. म्हणाले, "आबा, एवढ्या उन्हात बसलाय, बाधंल की!"

"मला न्हाय बाधत," मी म्हणालो. "मी घाणेरी खाल्ली न्हाय, नुसती चारली."